रविवारची सही

आमच्या कंपनीत एक पद्धत माझ्या नावाने चालते. हिंजवडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये सकाळी कोणीतरी कोणाला तरी विचारतं, "आज इंगळे मेथड लावायची का?" आणि मी काचेपलीकडे कॉफी घेऊन बसलेला असतो. पहिल्या वर्षी हे ऐकलं की कान गरम व्हायचे. आता काही होत नाही. माणूस कशालाही सरावतो, हे मी स्वतःवर करून पाहिलं आहे.

मागच्या महिन्यात कोल्हापूरची एक नवी मुलगी लागली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "सर, सगळीकडे रोज मीडिया चेंज करतात. आपण दोन दिवस प्लेटला हातच लावत नाही. तुम्हाला हे सुचलं कसं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. म्हटलं, निरीक्षणातून.

कोणाच्या, हे तिने विचारलं नाही. आजवर कोणीच विचारलेलं नाही, आणि न विचारता सांगण्याइतका मी भला माणूस नाही. पण त्या दिवशी घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये दीड तास अडकलो होतो आणि सारखा एकच प्रश्न डोक्यात यायचा: अत्तार मॅडम या पोरीला काय म्हणाल्या असत्या? बहुतेक म्हणाल्या असत्या, "अहो, त्यांनाच विचारा. सुचलंय त्यांना."

मेहरुन्निसा अत्तार. पुण्यातल्या ज्या संशोधन संस्थेत मी पीएच.डी. केली, तिथल्या पेशी वाढवण्याच्या खोलीचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. हुद्दा प्रकल्प सहायक, आणि तोही तात्पुरता. मी दाखल झालो तेव्हा हे तात्पुरतं प्रकरण चौदा वर्षं चाललं होतं. दर एकतीस मार्चला संपायचं आणि एक एप्रिलला नव्या कागदावर पुन्हा सुरू व्हायचं.

मी वाशिमहून आलेलो. पहिल्या दिवशी नवा शर्ट घातला आणि मामाने दिलेलं सेंट भरपूर मारलं. खोलीच्या दाराशी एक ठेंगणी बाई उभी होती. पांढरा कोट, केसांवर निळी टोपी, हातात स्पिरिटची बाटली. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"लग्नाला निघालात का?"

"नाही मॅडम. मी इंगळे. पीएच.डी.ला आलोय."

"मग घरी जा, अंघोळ करा आणि या. आत आहेत त्यांना वास चालत नाही."

आत कोण बायका बसल्यात म्हणून मी डोकावलो. आत एक काचेचं कपाट आणि पेशी उबेत ठेवायचे दोन इन्क्युबेटर. मी खरंच धायरीपर्यंत परत गेलो, अंघोळ केली आणि दुपारी हजर झालो. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि एक निळी रबरी चप्पल पुढे सरकवली. त्या खोलीत बाहेरच्या चपला चालत नसत. आतल्या निळ्या चपलांवर प्रत्येकाचं नाव असे, आणि दुसऱ्याची घातली तर मॅडम काही बोलत नसत, फक्त पायाकडे बघत राहात. तेवढ्याने पुरे व्हायचं.

गंमत म्हणजे यांचं सगळं घराणं अत्तराच्या धंद्यातलं. आजोबा, वडील, आता भाऊ. बिबवेवाडीला दुकान आणि त्याच्याच वर घर, तिथे या आणि म्हातारी आई. "घरी चोवीस तास खस आणि गुलाब," म्हणायच्या, "इथे तरी नाकाला सुट्टी हवी." खरं कारण निराळं होतं. बाई नाकाने काम करायच्या. इन्क्युबेटरचं दार उघडलं की क्षणभर थांबायच्या, हुंगायच्या आणि सांगायच्या, "खालच्या कप्प्यात काहीतरी बिघडलंय." आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दुसऱ्या दिवशी दिसायचे.

बोलणं अस्सल पुणेरी. एकदा कोणी निवृत्त प्राध्यापक संस्था बघायला आले होते. मॅडमनी त्यांना पाच मिनिटं सगळं समजावून सांगितलं. प्राध्यापक भारावून म्हणाले, "वा, काय शुद्ध मराठी आहे हो तुमचं."

"तुमचंही बरंच आहे की," मॅडम म्हणाल्या.

हसावं की नाही हे त्या गृहस्थांचं ठरेपर्यंत मॅडम आत गेल्या होत्या. सात पिढ्या पुण्यात काढल्यावर हे कौतुक ऐकून घ्यायचा त्यांना कंटाळा आला असणार. आम्ही पोरं मात्र तो किस्सा कँटीनमध्ये महिनाभर सांगत होतो. त्यात मॅडमची हुशारी होती तेवढीच आम्हाला दिसली. बाकीचं दिसायला वेळ लागला.

आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, मोठं नाव असलेले. पाहुणे आले की त्यांना पेशींच्या खोलीपर्यंत आणायचे आणि काचेतून मॅडमकडे बोट करायचे. "या आमच्या अत्तार. यांच्या हाताला गुण आहे." हे मी निदान वीस वेळा ऐकलं. दर वेळी हातच. एकदा मॅडम काचेच्या बाहेरच होत्या, म्हणाल्या, "हो ना सर, डोकं मी गेटवर जमा करून येते." सर सगळ्यात मोठ्याने हसले. पाहुण्यांसमोर ते नेहमी मोठ्याने हसायचे.

दिवाळीत सगळी संस्था रिकामी व्हायची. पेशींना मात्र रोज ताजं खाणं लागतं. पेशी ज्या गुलाबी पाण्यात वाढतात त्याला आम्ही मीडिया म्हणतो. तो शिळा झाला की पिवळा पडतो आणि पेशी मरायला लागतात. म्हणून रोज बदलायचा, रविवारीसुद्धा. दिवाळीचे चारही दिवस मॅडम यायच्या, कारण सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की त्यांना काय, त्यांना दिवाळी नाही. ईदलाही त्याच यायच्या. सकाळचं आटोपून, नवा सलवार-कमीज घालून, वर तोच पांढरा कोट, आणि एका मोठ्या डब्यात शीरखुर्मा. आम्ही तो वाट्या चाटूनपुसून खायचो. "मॅडम, आज तुम्ही राहू द्या, मी येतो," असं चार वर्षांत मला एकदाही सुचलं नाही. शीरखुर्म्यात खारीक जास्त झालीय, एवढं मात्र मी एकदा सांगितलं होतं.

आता त्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. मूळ पेशी म्हणजे जिचं अजून काही ठरलेलं नाही अशी पेशी. ती हृदयाची होऊ शकते, मेंदूची, कातडीची, कशाचीही. तिच्या आत जनुकं असतात आणि ती एकमेकांना चालू-बंद करत असतात. एक चढलं की दुसरं दबतं, दुसरं दबलं की तिसरं जागं होतं. या ओढाताणीत कधीतरी तोल एकीकडे जातो आणि पेशीचं ठरतं. सरांचं म्हणणं असं की हा तोल आपण बाहेरून ढकलायचा. बरोबर वेळी बरोबर औषध घाला, पेशी मुकाट्याने सांगितलं ते होईल. सरांना एकूणच मुकाट्याने सांगितलं ते करणारे आवडायचे.

मॅडमचं मत वेगळं होतं. सतरा वर्षं रोज सकाळी त्यांनी त्या पेशींची तोंडं पाहिली होती. "एकच प्लेट, एकच मीडिया, एकच औषध," त्या म्हणायच्या, "मग काठाजवळच्या वेगळ्या का होतात?" त्यांनी हे बैठकीत विचारलं तेव्हा सर म्हणाले, "तुम्ही नीट पसरवत नसाल." मॅडमनी मान हलवली आणि आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. त्यांची एक लांब, कापडी बांधणीची वही असायची. रोज काय दिसलं ते तारीख घालून लिहायच्या, आणि तेही मराठीत. सरांना ते गावठी वाटायचं.

मला एकदा त्यांनी ते सगळं लग्नघरावरून समजावलं. "आमच्याकडे दावत असली की वीस बायका जमतात. कोण काय करणार, कोणी सांगत नाही. एकीने कांदा चिरायला घेतला की तिची शेजारीण कांद्याला हात लावत नाही, तांदूळ निवडायला बसते. ती तांदूळ घेऊन बसली की तिसरी मसाल्याकडे वळते. तासाभराने बघा, सगळं जागच्या जागी. मुकादम कोणी नाही. सगळ्या एकमेकींकडे बघत असतात, बस. पेशीही तेच करतात, इंगळे. आतली जनुकं खरी, पण शेजारी काय चाललंय त्यावर ती चढतात आणि उतरतात."

"मग आपल्याला तसं व्यवस्थित का दिसत नाही मॅडम?"

"तेच तर कळत नाही," त्या म्हणाल्या. मॅडमना एखादी गोष्ट कळत नाही हे त्या सरळ सांगायच्या. त्या संस्थेत एवढं धाडस दुसऱ्या कोणात नव्हतं.

आणि मग तो रविवार आला. रविवारी मीडिया बदलायची पाळी आम्हा विद्यार्थ्यांची असायची, त्या रविवारी माझी होती. मी गेलो नाही. आजारी नव्हतो, गावालाही गेलो नव्हतो. झोपलो होतो. दुपारी जाग आली तेव्हा वाटलं, आता जाऊन काय करायचं. सोमवारी सकाळी पोचलो तर दाराबाहेर खिळ्याला रजिस्टर लटकत होतं, तारीख, वेळ, काम, सही असे चार रकाने. रविवारची ओळ कोरी. मी इकडेतिकडे पाहिलं, साडेअकरा वेळ घातली, "मीडिया बदलला" लिहिलं आणि सही ठोकली. असं त्याआधीही दोनदा केलं होतं, पण तेव्हा मॅडमच्या आधी पोचून पिवळं पाणी ओतून टाकलं होतं. सगळेच करायचे. एक दिवसाने काय होतंय, अशी आमची समजूत.

आत गेलो तर मॅडम सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या. समोर माझी प्लेट. पिवळीजर्द.

"काल मीडिया बदललात का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हो मॅडम."

"छान. मग आज नका बदलू."

आता सरांकडे जाणार, आता संपलं, असं वाटलं. पण त्या उठल्या, मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "बघा."

मी पाहिलं. एरवी त्या प्लेटमध्ये पेशी कशाही पसरलेल्या असायच्या. त्या दिवशी मधोमध एक घट्ट गोल होता, त्याभोवती मोकळ्या पेशींचं कडं, आणि त्याबाहेर आणखी एक. रांगोळीला ठिपके मोजून काढावं तसं. प्लेटमधले सहाच्या सहा खळगे तसेच.

"हे कसं झालं?"

"तुम्ही बदललात म्हणून," त्या म्हणाल्या. मग मला उठवलं आणि पुन्हा एकेक खळगा पाहिला. शेवटी स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "पेशी एकमेकींशी बोलतात ते त्या पाण्यातून. काहीतरी सोडतात, शेजारणीला ते कळतं, मग ती ठरवते. आणि आपण रोज सकाळी उठून ते सगळं पाणी ओतून देतो. सतरा वर्षं मी यांचं बोलणं मोरीत ओततेय."

त्यांचे डोळे भरले होते. मी मॅडमना रडताना तेव्हाच पाहिलं, पुढे जे झालं तेव्हा नाही. त्यांनी वही उघडली आणि माझ्यासमोर लिहिलं: सोमवार, तारीख, रविवारी मीडिया बदललेला नाही, प्लेट पिवळी, तीन कडी, सगळ्या खळग्यांत. खाली लग्नघराचं, म्हणजे शेजारणींचं, चार ओळींत.

"मॅडम, रजिस्टरमध्ये मी..."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला काम आहे."

मी बघितलं नाही. ती ओळ खोडायला अर्धं मिनिट लागलं असतं.

पुढचे आठ-नऊ महिने मॅडम झपाटल्यासारख्या होत्या. कधी एक दिवस बदलायचं नाही, कधी दोन, कधी अर्धंच बदलायचं. दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी पेशी उपाशी मरतात, हे त्यांनी बसवलं. मधला गोल मेंदूकडे वळतो, कडं हृदयाकडे, हेही रंग देऊन दाखवलं. कड्यातला एक तुकडा एका सकाळी धडधडायला लागला तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते बघत राहिलो. ती सकाळ मला आजही चांगली वाटते, एवढंच काय ते माझ्याकडे उरलंय. सर आधी म्हणाले, "मीडिया न बदलणं हा प्रयोग नाही, आळस आहे." परदेशातल्या कोणा पाहुण्याने आकृत्या पाहून खुर्ची पुढे ओढली, त्या दिवसापासून सर "आमची कल्पना" म्हणायला लागले.

शोधनिबंध लिहायला मला बसवलं. पहिलं नाव माझं, शेवटचं सरांचं, मध्ये दोघं, त्यातल्या एकाने ती प्लेट कधी पाहिलीही नव्हती.

"सर, अत्तार मॅडमचं?"

"आभारात घेऊ."

मी मूग गिळून बसलो. मॅडमनी छापील प्रत दाराशी उभ्या उभ्या वाचली. शेवटच्या पानापर्यंत गेल्या आणि मोठ्याने वाचलं, "श्रीमती अत्तार यांच्या कुशल तांत्रिक साहाय्याबद्दल." मग माझ्याकडे पाहिलं. "कुशल चांगलं आहे. तुम्ही घातलंत का?"

"हो मॅडम," मी म्हणालो. खरंच मीच घातलं होतं. घालताना मला वाटलं होतं, आपण त्यांच्यासाठी काहीतरी केलं.

एरवी त्या यावर एखादं वाक्य टाकून आत गेल्या असत्या. पण त्याच वर्षी संस्थेत कायम पदाची एक जागा निघाली होती. अट अशी, की प्रसिद्ध निबंधावर लेखक म्हणून नाव हवं. आणि वयाच्या मर्यादेत बसायचं मॅडमचं ते शेवटचं वर्ष. ते नाव मिळालं तर कायम, नाही तर दर मार्चला कागद, तोही सरांच्या मर्जीचा. म्हणून त्यांनी संचालकांना एक पानाचा अर्ज केला. कल्पना आपली आहे, पहिलं निरीक्षण आपलं आहे, वहीत नोंद आहे. तिघांची समिती बसली.

सरांनी समितीला लेखी कळवलं की हा प्रयोग त्यांनी विचारपूर्वक आखला, आणि मीडिया न बदललेली पहिली प्लेट त्यांच्या सूचनेवरून त्या रविवारनंतर महिनाभराने लावली गेली. अत्तारांची वहीतली नोंद मागाहून घातलेली असावी, कारण रजिस्टर सांगतं की त्या रविवारी मीडिया बदलला होता. सही इंगळ्यांची आहे.

म्हणजे सगळं माझ्या त्या सहीपाशी येऊन थांबलं.

समितीच्या आदल्या दिवशी मॅडम कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या. आधी कधी बसल्या नव्हत्या.

"इंगळे, मला मागता येत नाही. सवय नाही. तेव्हा एकदाच सांगते. त्या रविवारी आपण आला नव्हतात, एवढं म्हणा. बाकी माझं मी बोलेन."

त्यांनी मला 'आपण' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"बघतो मॅडम."

"बघू नका. म्हणा."

संध्याकाळी सरांनी बोलावलं. चहा मागवला. "थिसिस कुठवर आलाय?" म्हणाले. मी म्हटलं, शेवटचं प्रकरण राहिलंय. "छान. मी फक्त विचारतोय हं, रजिस्टरमधली एक सही खोटी निघाली तर बाकीच्या सह्यांचं काय करायचं? तुमचे सगळे आकडे त्याच रजिस्टरवर उभे आहेत." आणि माझ्या पाठीवर थोपटलं. त्यांना सगळं माहीत होतं. ते मला खोटं बोल म्हणाले नाहीत, त्यांना तशी गरजच पडली नाही. घरी वडील मला आत्ताच डॉक्टर म्हणायला लागले होते, धाकट्या बहिणीचं लग्न माझ्या नोकरीवर ठरायचं होतं. ही कारणं मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली आहेत की आता ती दुसऱ्याच कोणाची वाटतात. खरी गोष्ट एवढीच, की मी घाबरलो.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला वही, एका बाजूला रजिस्टर, मध्ये बिस्किटांची बशी.

"ही सही तुमची?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो सर."

"रविवारी मीडिया बदलला होता?"

"गेटवरचं रजिस्टर मागवा," मॅडम मध्येच म्हणाल्या. "त्या दिवशी कोण आलं, कोण नाही, वॉचमनने लिहिलेलं असतं."

"इंगळे स्वतः समोर बसलेत, मॅडम. गेट कशाला? बोला इंगळे."

मी बिस्किटांकडे बघितलं. "रजिस्टरमध्ये आहे ते बरोबर आहे," म्हणालो.

मॅडमनी वही मिटली, तिच्या कापडी कव्हरावरून एकदा हात फिरवला आणि विचारलं, "झालं?" अध्यक्ष हो म्हणाले. त्यांनी खुर्ची आवाज न करता मागे सरकवली आणि गेल्या. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं.

ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. प्रकल्प संपला म्हणून मॅडमचा कागदही त्या मार्चपुढे वाढला नाही. प्रकल्प संपायची ही पहिलीच वेळ नव्हती, पण आधी प्रत्येक वेळी दुसरा सापडायचा. मला पदवी मिळाली, मग ही नोकरी. सरांना एक मानाचा पुरस्कार मिळाला आणि त्या भाषणात त्यांनी निसर्गाचं बोलणं ऐकण्याबद्दल फार सुंदर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मॅडम नंतर कुठल्याही लॅबमध्ये गेल्या नाहीत. बिबवेवाडीला त्यांच्या दुकानाच्या वर आता एक छोटी पाटी आहे, अकरावी-बारावी जीवशास्त्र. मी दोनदा त्या रस्त्याने गेलो, दोन्ही वेळा गाडीची काच वर करून.

शेवटचं पाहिलं ते त्यांच्या शेवटच्या दिवशी. एकतीस मार्च त्या वर्षी रविवारी आला. पाळी माझीच होती. समितीनंतर मी एकही रविवार चुकवला नव्हता, एवढी सुधारणा माझ्यात झाली होती. पोचलो तर मॅडम आधीच आत. इन्क्युबेटर आतून पुसून झाला होता, गोठवलेल्या पेशींच्या नळ्यांची यादी भिंतीला चिकटवली होती, आणि काचेच्या कपाटापुढे बसून त्या शेवटच्या प्लेटचा मीडिया बदलत होत्या. एकेक खळगा, कडेने, थेंबही मध्ये पडू न देता.

"मॅडम, मी केलं असतं," मी म्हणालो.

"माहीत आहे मला, तुम्ही कसं करता ते."

प्लेट आत ठेवली. दार लावण्याआधी थांबल्या, हुंगलं, मान हलवली. सगळं ठीक होतं. बाहेर येऊन त्यांनी खिळ्याचं रजिस्टर काढलं, आजची तारीख घातली, वेळ घातली, "मीडिया बदलला" लिहिलं, आणि रजिस्टर पेनासकट माझ्यापुढे धरलं.

"सही करा."

"पण बदललात तुम्ही."

"अहो इंगळे, माझं लिहिलेलं इथे खरं धरत नाहीत. तुमची सही धरतात. करा."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी बोललो असतो, निदान पाया पडलो असतो. पण त्या नेहमीसारख्या, नियम सांगावा तशा बोलल्या. मग खाली बसून निळ्या चपला काढल्या, त्यांवरच्या स्वतःच्या नावाकडे एकदा पाहिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि जिना उतरून गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

मी तिथेच उभा. तीन रकाने त्यांच्या अक्षरात भरलेले, चौथा कोरा. समोर कोणी नव्हतं. त्या कोऱ्या रकान्यात मला त्यांचं नाव लिहिता आलं असतं. खाली त्यांची स्कूटर सुरू झाली. तिचा आवाज गेटपलीकडे जाईपर्यंत मी पेन धरून उभा होतो. मग सही केली.